यंत्राच्या आधींचें काम

कचेरीचें नित्याचें काम करण्याकरितां संगणक प्रथम कोणीं राबविला, असा प्रश्न सुशिक्षितांच्या एखाद्या बैठकींत निघाला, तर उत्तरादाखल बहुधा मोठ्या बँकेचें, विमा कंपनीचें किंवा सरकारी खात्याचें नांव पुढें येईल. वास्तविक हा मान लंडनमधील चहा आणि केक विकणाऱ्या एका पेढीकडे जातो. जे. लायन्स आणि कंपनी हें तिचें नांव. १९५१ च्या नोव्हेंबर महिन्यांत या पेढीच्या मुख्य कचेरींत, पेढीनें स्वतःच बांधविलेल्या संगणकावर, तिच्या बेकऱ्यांत तयार होणाऱ्या मालाच्या किंमतीचा हिशेब होऊं लागला. व्यापारी कचेरीचें काम नियमानें करणारा जगांतील पहिला संगणक म्हणून तो ओळखला जातो. चहावाल्याच्या पेढीस अशा यंत्राची गरज कां भासावी, याचा शोध घेऊं लागलें म्हणजे प्रस्तुत विषयाच्या दाराशींच येऊन पोहोंचतां येतें. या विषयास इंग्रजींत ‘सिस्टिम्स ॲनॅलिसिस’ म्हणतात; मराठींत त्याचें नांव प्रणाली-विश्लेषण.

लायन्सचें पहिलें चहागृह १८९४ सालीं लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर उघडलें. पुढें या चहागृहांची संख्या २०० च्या वर गेली. स्वच्छ टेबल, ठरलेला भाव आणि सर्वत्र सारखी चव यांमुळें मध्यम स्थितींतील लंडनकरांना तीं आपलींशीं वाटत. परंतु चहाचा एक पेला किंवा एक बनपाव विकून पदरांत पडणारा नफा अगदीं किरकोळ असे. आणि अशा असंख्य किरकोळ विक्रींच्या नोंदी, बेरजा आणि ताळे करण्यास कारकुनांची पलटण लागे. नफा पैचा आणि हिशेब रुपयाचा, अशी अवस्था होण्यास अशा धंद्यांत वेळ लागत नाहीं. १९२३ सालीं या पेढींत जॉन सिमन्स नांवाचे केंब्रिजचे गणिती दाखल झाले. कारकुनी कामाकडे त्यांनीं गणितज्ञाच्या नजरेनें पाहिलें. १९३२ सालीं पेढीनें ‘सिस्टिम्स रिसर्च ऑफिस’ नांवाचें एक स्वतंत्र खातेंच काढलें. हिशेब लिहिणें हें त्या खात्याचें काम नव्हतें. एखादा कागद कोठें जन्मतो, कोणाच्या हातांतून जातो, त्यावर कोण काय लिहितो, तें लिहिलेलें पुढें कोण वाचतो, आणि कोणीच वाचत नसेल तर तें मुळांत लिहावें कां, अशा चौकशा करणें हें त्याचें काम. संगणक कोणाच्या कल्पनेंतही नव्हता, त्या काळीं प्रणाली-विश्लेषणास असा आरंभ झाला होता. हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

प्रणाली हा शब्द येथें नीट समजून घ्यावयास हवा. बँकेच्या खिडकीशीं ‘आज सिस्टिम बंद आहे’ असें उत्तर मिळतें, तेव्हां ऐकणाराच्या मनापुढें टेबलावरील पेटी उभी राहते. प्रणाली ही त्या पेटीहून मोठी वस्तु आहे. काम करणारीं माणसें, त्यांना बांधणारे नियम, नियमांत न बसणाऱ्या पण वर्षानुवर्ष पाळल्या जाणाऱ्या रीति, कागद, वह्या, दूरध्वनि आणि असलेंच तर एखादें यंत्र, या सर्वांच्या मेळानें संस्थेंतील माहिती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जाते आणि तिच्या आधारें कोणी तरी कांहीं तरी ठरवितो. हा सगळा मेळ म्हणजे माहिती-प्रणाली. घड्याळजी घड्याळ उघडून कोणतें चाक कोणत्या चाकास फिरवितें तें पाहतो, तसा हा मेळ उघडून पाहणारा तो विश्लेषक. घड्याळाचीं चाकें मात्र रुसत नाहींत, लपवीत नाहींत, आणि साहेब पाहत आहेत म्हणून निराळीं फिरत नाहींत. विश्लेषकाचें काम घड्याळजीच्या कामाहून अवघड होतें तें या कारणानें.

दुसरें महायुद्ध संपल्यावर, १९४७ सालीं, लायन्सनें ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड आणि रेमंड टॉम्प्सन या आपल्या दोन अधिकाऱ्यांना कचेरीच्या नव्या पद्धति पाहण्यासाठीं अमेरिकेस धाडलें. तेथें प्रिन्स्टन येथें त्यांची हर्मन गोल्डस्टाइन यांच्याशीं गांठ पडली. शास्त्रीय आणि लष्करी गणितें सोडविणारीं विद्युत्-गणकयंत्रें त्या वेळीं नुकतींच अवतरलीं होतीं. असेंच एक यंत्र खुद्द इंग्लंडांत, केंब्रिज विद्यापीठांत, मॉरिस विल्क्स बांधीत आहेत, ही बातमी या दोघां लंडनकरांना गोल्डस्टाइन यांच्याकडून अमेरिकेंत कळली. पेढीनें विल्क्स यांच्या कार्यास पैसा दिला आणि एक कुशल माणूसही दिला. केंब्रिजच्या एडसॅक यंत्रानें ६ मे १९४९ रोजीं आपलें पहिलें गणित केलें, आणि त्याच धर्तीवर लायन्सनें स्वतःचें यंत्र बांधून काढलें. जॉन पिंकर्टन हे त्याचे मुख्य अभियंते. ‘लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस’ या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याचें नांव लिओ पडलें. सुमारें ६,००० व्हॉल्व्ह पोटांत घेऊन मोठी जागा अडवून बसणाऱ्या या यंत्राची स्मरणशक्ति आजच्या खिशांतल्या साध्या फोनपुढेंही नगण्य ठरेल. तरीही त्याच्याकडून जें काम करून घेतलें गेलें, त्याचें श्रेय यंत्राइतकेंच यंत्रापूर्वीं झालेल्या विचारास आहे.

तो विचार करणाऱ्या मंडळींचे अग्रणी डेव्हिड कॅमिनर. १९३६ सालीं ते पेढींत उमेदवार म्हणून आले. युद्धांत ट्युनिशियाच्या रणभूमीवर जखमी होऊन त्यांना एक पाय गमवावा लागला. परत आल्यावर सिस्टिम्स रिसर्च ऑफिसचा कारभार त्यांच्याकडे आला, आणि लिओकडून कोणतीं कामें कोणत्या रीतीनें करून घ्यावयाचीं याची आंखणीही पुढें त्यांच्याच हातीं आली. २००८ सालीं त्यांचें निधन झालें, तेव्हां जगांतील पहिले प्रणाली-विश्लेषक असा त्यांचा गौरव झाला. त्यांच्या कामाची तऱ्हा कळण्यास दोन उदाहरणें पुरेशीं आहेत.

पहिलें पगाराचें. वरवर पाहतां पगार म्हणजे शाळकरी मुलाचें गणित: कामाचे तास, तासाचा दर, त्यांचा गुणाकार आणि त्यांतून कपात. परंतु इंग्लंडांत १९४४ पासून प्राप्तिकर पगारांतूनच कापण्याची पद्धति सुरू झाली होती, आणि हा कर केवळ त्या आठवड्याच्या पगारावर न बसतां वर्षारंभापासूनच्या एकूण मिळकतीवर बसे. म्हणजे प्रत्येक नोकराची मागील आठवड्यापर्यंतची बेरीज सांभाळून ती पुढच्या आठवड्याच्या हातीं द्यावयास हवी. नोकर आठवड्याच्या मध्येंच काम सोडून गेला तर? आजारी पडला तर? पगारापेक्षां कपातच जास्त झाली, तर बाकी कोठें मांडावयाची? बढती मिळाली, पण ती मागील तारखेपासून मिळाली, तर? अनुभवी कारकून असले पेंच न बोलतां सोडवीत असतो. किंबहुना आपण कांहीं सोडविलें हेंही त्याच्या ध्यानांत राहत नाहीं. यंत्रास मात्र हें सर्व आधीं सांगावें लागतें, आणि जें सांगितलें नाहीं तें त्यास सुचत नाहीं. म्हणून आज्ञावली लिहावयास बसण्यापूर्वीं असा प्रत्येक ‘तर?’ हुडकून काढणें अवश्य होतें. एकानें लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यानें तपासून पाहावयाची, असा लिओच्या मंडळींचा दंडक होता. हें काम करणारांत १९५२ सालीं दाखल झालेल्या मेरी कूम्ब्स या बाईही होत्या. व्यापारी कामाकरितां संगणकाच्या आज्ञावली लिहिणारी पहिली स्त्री म्हणून आज त्यांचें नांव घेतलें जातें. कुशल कारकुनास एका नोकराच्या पगाराचा हिशेब करण्यास सुमारें ८ मिनिटें लागत. लिओ तो दीड सेकंदांत करी. तथापि नवा हिशेब जुन्या हिशेबाशीं ताडून पाहिल्यावरच १९५४ सालीं हें काम यंत्राच्या स्वाधीन करण्यांत आलें.

दुसरें उदाहरण याहूनही बोधप्रद आहे. प्रत्येक चहागृहाच्या व्यवस्थापिकेस दुसऱ्या दिवशीं लागणारा माल आदल्या दिवशीं मागवावा लागे: पाव किती, केक किती, कोणत्या जातीचे किती. जुनी रीत म्हणजे छापील मागणीपत्रकें रोजच्या रोज भरून मुख्य कचेरीकडे पाठविणें. केवळ वेगावर भाळलेल्या मनुष्यानें हीं सगळीं पत्रकें जशींच्या तशीं यंत्रांत घातलीं असतीं आणि काम लवकर झालें म्हणून समाधान मानलें असतें. लायन्सच्या विश्लेषकांनीं आधीं मागणीचा स्वभाव पाहिला. आपल्याकडे घरोघर दुधाचा रतीब असतो. दूधवाला रोज पहांटे ‘आज किती दूध?’ असें विचारीत नाहीं. रोजचें माप ठरलेलें असतें. पाहुणे आले तर जादा सांगावयाचें, परगांवीं गेलें तर खाडा करावयाचा, आणि महिनाअखेर दिनदर्शिकेवरील खुणा मोजून हिशेब मिटवावयाचा. चहागृहांची मागणीही बरीचशी अशीच असल्याचें विश्लेषकांना दिसून आलें. एका सोमवारची मागणी दुसऱ्या सोमवारच्या मागणीहून फारशी निराळी नसे.

तेव्हां प्रत्येक चहागृहाचा प्रत्येक वारासाठीं एक ठराविक रतीब बांधून देण्यांत आला. रोज ठरलेल्या वेळीं व्यवस्थापिकेचें मुख्य कचेरीशीं दूरध्वनीवर बोलणें होई, आणि त्यांत ती केवळ रतिबांतील फेरफार सांगे. कानांवर हेडफोन लावून बसलेली मुलगी तो फेरफार ऐकतां ऐकतांच छिद्रांच्या रूपानें कार्डावर उतरवून घेई. तीं कार्डें लिओच्या पोटांत गेलीं म्हणजे कोणत्या दुकानास काय धाडावयाचें याच्या याद्या बाहेर पडत आणि एकंदर कोणता माल किती बनवावयाचा याच्या बेरजाही हातीं येत. शिवाय कोणत्या जिनसेचा खप वाढतो आहे आणि कोणत्या जिनसेचा घटतो आहे, हेंही चालकांना वेळेवर समजे. १९५४ सालीं हें काम सुरू झालें. यांत यंत्राचा वेग उपयोगी पडला खरा. पण व्यवस्थापिकेची रोजची लेखणी-घासणी ज्यानें वांचली, तो शोध कारखान्यांत लागलेला नव्हता. तिच्याजवळ बसून, तिचे कागद चाळून, ‘यांतलें रोज खरोखर बदलतें तें किती?’ असें विचारल्यानें तो लागला.

अशा विचारपूस करण्याच्या कलेस पुढें शास्त्राचें रूप येत गेलें. १९७० नंतरच्या दशकांत एडवर्ड यॉर्डन, टॉम डिमार्को प्रभृति अमेरिकन लेखकांनीं माहितीच्या प्रवाहाचें चित्र काढण्याची एक सुटसुटीत रीत रूढ केली. तींत चिन्हें चारच. संस्थेच्या बाहेरचा जो माणूस माहिती देतो किंवा घेतो, त्यासाठीं चौकोन. माहिती जाते त्या दिशेस बाण. तिच्यावर कांहीं क्रिया होते तेथें वर्तुळ. आणि ती साठवून ठेवली जाते तेथें दोन समांतर रेघा. दुधाच्या रतिबाचेंच चित्र काढावयाचें झालें, तर गृहिणी हा एक चौकोन, दूधवाल्याचा व्यवहार हें वर्तुळ, खाड्याची सूचना हा बाण, आणि भिंतीवरची दिनदर्शिका म्हणजे त्या दोन रेघा. चित्र पोरखेळासारखें दिसतें. पण तें काढूं लागतांच अडचणीचे प्रश्न उभे राहतात. खाड्याची खूण गृहिणी करते, तशी दूधवालाही आपल्या वहींत करतो; दोन नोंदी जुळल्या नाहींत, तर खरी कोणती धरावयाची? सूचना सकाळीं उशिरां पोहोंचली, तर त्या दिवसाचें दूध कोणाच्या खातीं पडावयाचें? घरांत जें बोलून मिटतें, तें हजारों ग्राहकांच्या संस्थेंत आधींच ठरवून ठेवावें लागतें. चित्राचा दुसरा उपयोग असा कीं, तें संगणकाची भाषा न जाणणाऱ्या माणसासही वाचतां येतें, आणि ‘असें नाहीं हो, हा कागद आधीं माझ्याकडे येतो’ असें त्याला बोट ठेवून सांगतां येतें.

शब्दांचा अर्थ ठरविणें हेंही याच कामाचें अंग आहे. विक्री-खात्याच्या दृष्टीनें जो माल मागवितो तो ग्राहक. हिशेब-खात्याच्या दृष्टीनें जो पैसे देतो तो ग्राहक. दोन्ही खातीं एकच शब्द वापरतात आणि एकमेकांना समजल्याच्या भ्रमांत असतात. माणसाच्या नांवाची गोष्ट तर घरोघरच्या अनुभवाची आहे. महाराष्ट्रांतील रूढीप्रमाणें विवाहानंतर स्त्रीचें आडनांव बदलतें, वडिलांच्या नांवाच्या जागीं पतीचें नांव येतें, आणि कित्येक घराण्यांत तिचें स्वतःचें नांवही बदलतें. नांव हीच माणसाची कायमची खूण असें धरून बांधलेल्या प्रणालीस एकच स्त्री दोन स्त्रिया वाटते: एक शाळेच्या दाखल्यावरची आणि दुसरी बँकेच्या पुस्तकावरची. मग त्या दोघी एकच असल्याचें सिद्ध करण्यासाठीं तिला प्रतिज्ञापत्रें आणि राजपत्रांतील उतारे घेऊन खेटे घालावे लागतात. यंत्र येथें बिघडलेलें नसतें. ‘माणसाचें नांव बदलूं शकतें काय?’ हा एक प्रश्न आरंभीं कोणीं विचारला नाहीं, एवढेंच झालेलें असतें; आणि त्या न विचारलेल्या प्रश्नाचा दंड जिनें कांहींच चूक केली नाहीं तिला भरावा लागतो.

हे प्रश्न कागदपत्रांतून सांपडत नाहींत. प्रत्येक कचेरीस दोन कार्यपद्धति असतात: एक नियमपुस्तकांत छापलेली आणि दुसरी टेबलांवर रोज चालणारी. वरिष्ठास विचारलें तर तो पहिली सांगतो. दुसरी जुन्या कारकुनाच्या खणांतल्या वहींत, किंवा शिपायाच्या डोक्यांत असते. शिवाय नवें यंत्र येणार म्हटल्यावर आपली नोकरी जाणार, ही धास्ती ज्याच्या मनांत आहे तो मनुष्य चौकशीस आलेल्या परक्यापुढें मोकळेपणानें बोलेल हें संभवत नाहीं. म्हणून चांगला विश्लेषक नुसता विचारीत नाहीं. शेजारीं बसून पाहतो, मोजतो, आणि ऐकलेलें व पाहिलेलें यांत अंतर पडलें तर तें कां पडलें याचा छडा लावतो. असें अंतर म्हणजे नेहमींच कामचुकारपणा नसतो. पुष्कळदां नियमाची उणीव भरून काढण्यासाठीं माणसांनीं शोधलेली ती पळवाट असते, आणि तिच्यावरच सगळें काम तगून राहिलेलें असतें.

या गोष्टीचा विसर पडला म्हणजे काय होतें, याचें दारुण उदाहरण त्याच लंडन शहरांत १९९२ सालीं घडलें. तेथील रुग्णवाहिका सेवेच्या पदरीं सुमारें ६०० चौरस मैलांचा प्रदेश होता आणि तिला रोज २,००० ते २,५०० दूरध्वनि येत. जुनी पद्धति कागदाची होती. दूरध्वनि घेणारा पत्ता एका पत्रकावर लिहून घेई, नकाशांच्या पुस्तकांत ती जागा शोधी, आणि पत्रक सरकत्या पट्ट्यावर ठेवी. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाशीं तीं पत्रकें गोळा करून विभागवार लावलीं जात. एकाच अपघाताविषयीं आलेले दोन दूरध्वनि तेथें माणसाच्या नजरेस पडत. मग त्या विभागाचा जाणता अधिकारी कोणती गाडी पाठवावयाची तें ठरवी. कागद सांवकाश चाले, नकाशांत वेळ जाई, ही तक्रार खरी होती आणि सुधारणेची गरजही खरी होती.

नव्या योजनेप्रमाणें गाडी निवडण्याचें काम बहुतांशीं संगणकाकडे गेलें. प्रत्येक गाडी कोठें आहे आणि ती मोकळी आहे कीं कामांत आहे, हें यंत्रास सदैव अचूक कळत राहील, हा त्या योजनेचा पाया होता. कळविण्याचा मार्ग म्हणजे गाडींतील माणसांनीं निघतांना, पोहोंचतांना आणि रुग्णालयांत शिरतांना योग्य क्रमानें योग्य बटण दाबणें. रस्त्यावर रक्तबंबाळ मनुष्य पडलेला असतां बटणाचा क्रम चुकूं शकतो. कांहीं भागांतून बिनतारी संदेश पोहोंचत नाहींत. नेमून दिलेल्या गाडीऐवजीं हाताशीं असलेली गाडी घेऊन माणसें निघून जातात. जुन्या पद्धतींत असले अपवाद अनुभवी माणूस आपल्या अकलेनें पचवीत होता. नव्या योजनेंत त्यांना जागाच नव्हती. भरींत भर म्हणून नियंत्रण-कक्षाची मांडणीही बदलली आणि आपापल्या विभागाची खडान्‌खडा माहिती असणारीं माणसें त्या विभागापासून तुटलीं.

२६ ऑक्टोबर १९९२ रोजीं ही प्रणाली संपूर्ण शहरासाठीं एकाच दमांत चालू करण्यांत आली. दिवस चढत गेला तसतसें यंत्रांतील चित्र आणि रस्त्यावरील वस्तुस्थिति यांत अंतर वाढत गेलें. एकाच ठिकाणीं दोन गाड्या जाऊं लागल्या, कोठें जवळची सोडून दूरची जाऊं लागली, आणि चुकीच्या सूचनांची रांग पडद्यावर वाढतां वाढतां महत्त्वाच्या सूचना दृष्टीआड होऊं लागल्या. गाडी न आल्यामुळें लोक पुन्हां पुन्हां दूरध्वनि करूं लागले आणि त्या नव्या दूरध्वनींनीं गोंधळांत आणखी भर पडली. कित्येक रुग्णांना तासन्‌तास तिष्ठत बसावें लागलें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं निम्मीअधिक जुनी पद्धति पुन्हां सुरू करावी लागली. पुढें ४ नोव्हेंबर रोजीं पहांटे प्रणाली पुरतीच थांबली. कांहीं आठवड्यांपूर्वीं आज्ञावलींत राहून गेलेला एक लहानसा तुकडा यंत्राची स्मरणशक्ति थोडी थोडी खात गेला होता.

चौकशी-समितीचा अहवाल १९९३ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध झाला. घाई, अपुरी तपासणी, अपुरें शिक्षण, आणि काम करणाऱ्या माणसांचा विश्वास संपादन न करतां वरून लादलेला बदल, असे दोष समितीनें दाखविले. सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट निराळीच आहे. ऑक्टोबरमधील त्या दोन दिवसांत यंत्र तांत्रिक अर्थानें बंद पडलें नव्हतें, असें समितीस आढळून आलें. जसें तें आंखलें होतें तसेंच तें बहुतांशीं चाललें. चूक आंखणींतच होती. ४ नोव्हेंबरचा बिघाड तंत्रज्ञास दुरुस्त करतां आला असता. २६ ऑक्टोबरच्या बिघाडास दुरुस्त करण्याजोगें चाकच नव्हतें, कारण रुग्णवाहिका पाठविणें म्हणजे काय, याचेंच आकलन अपुरें राहिलें होतें.

काम करणारास विचारल्याविना त्याच्या कामाची पुनर्रचना करूं नये, असें सांगणारे लोक नव्हते असें नाहीं. मँचेस्टर येथील विदुषी एनिड ममफर्ड यांनीं या घटनेच्या कितीतरी आधींपासून असा आग्रह धरला होता कीं, ज्यांना नव्या प्रणालींत दिवस काढावयाचे आहेत त्या कारकुनांना आणि कामगारांना तिच्या आंखणींत प्रत्यक्ष भाग मिळावा. यांत दयाबुद्धि असेल. पण व्यवहारबुद्धि तिच्याहून अधिक आहे, कारण कामांतील अपवादांचा सांठा त्यांच्याजवळच असतो. विन्स्टन रॉइस या अमेरिकन अभियंत्यानेंही १९७० सालच्या आपल्या निबंधांत आधीं गरजा, मग आंखणी, मग आज्ञावली, मग तपासणी अशा पायऱ्या मांडल्या होत्या. आणि या पायऱ्या एकदांच सरळ उतरून जाणें धोक्याचें असून मागें फिरून चुका सुधारण्याची सोय ठेवली पाहिजे, असा इशाराही तेथेंच दिला होता. पायऱ्या पुष्कळांनीं उचलल्या, इशारा मागें राहिला.

लंडनच्या रुग्णवाहिका सेवेनें मात्र तो धडा घेतला. दुसऱ्या खेपेस काम सेवेच्या स्वतःच्या माणसांनीं हातीं घेतलें. उडी एकदम न मारतां एकेक पाऊल टाकण्याचें ठरलें, आणि प्रत्येक पावलावर कक्षांतील आणि गाडींवरील माणसांचें मत घेण्यांत आलें. १९९६ च्या आरंभीं नवी प्रणाली चालू झाली. शहर तेंच, कामही तेंच. या खेपेस प्रणाली टिकली आणि पुढें तिच्या व्यवस्थेचा गौरवही झाला.

आज लहानमोठ्या प्रत्येक संस्थेंत संगणक आहे. सहकारी बँका, शाळा, ग्रंथालयें, गृहनिर्माण संस्था यांच्या कार्यकारी मंडळांवर बसणारे लोक सामान्य गृहस्थाश्रमी असतात, आणि नवी संगणक-प्रणाली घ्यावी काय, असा ठराव केव्हां ना केव्हां त्यांच्यापुढें येतो. विकणारा मनुष्य पडद्यावरील रंगीत चित्रें दाखवितो आणि किंमत सांगतो. त्या वेळीं यंत्राची जात विचारण्यापूर्वीं त्यास कांहीं साधे प्रश्न विचारावे. आमच्या कारकुनाच्या टेबलाशीं आपण किती दिवस बसलां? आमच्या कामांतले अपवाद कोणते, तें आपण लिहून काढलें आहे काय, आणि तें लिखाण त्या कारकुनानें वाचून मान्य केलें आहे काय? जुनी आणि नवी पद्धति कांहीं काळ जोडीनें चालवून त्यांचे आंकडे ताडून पाहण्याची काय व्यवस्था आहे? नवी प्रणाली एखाद्या दिवशीं बंद पडली, तर दाराशीं आलेल्या माणसाचें काम त्या दिवशीं कसें व्हावयाचें? या प्रश्नांचीं उत्तरें जो समजेल अशा मराठींत देऊं शकेल, त्याची किंमत थोडी जास्त असली तरी ठराव मंजूर करण्यास हरकत नाहीं. उत्तरें मिळालीं नाहींत, तर ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवून, तोंवर मंडळाच्या एखाद्या सभासदानें स्वतः एक संपूर्ण दिवस त्या कारकुनाच्या शेजारीं खुर्ची टाकून बसावें.